अण्णांचा श्रीकार

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर थबकायचे, मग सावकाश फरशीवर उतरून कोपऱ्यातल्या वाळलेल्या ब्रशांपर्यंत सरकत यायचे. एके काळी याच उजेडात अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवत. श्वास रोखून एका ओढीत श्रीकार पूर्ण करत. आता त्याच जागी बसून हेरंब रोज टॅबलेटवर तोच श्रीकार गिरवत असे. वर्षभराच्या सरावाने आपली रेष वडिलांसारखी निश्चल झाली, असे तो मानत होता.

“बघू रे तुझी पाटी,” आज अण्णा म्हणाले. कंपवाताने थरथरणाऱ्या बोटांत त्यांनी टॅबलेटचे पेन धरले. हेरंबने नजर वळवली.

“अगं, इकडे ये लवकर! हात बरा झाला माझा!”

पडद्यावर जुन्या पाट्यांवरचा श्रीकार उमटला होता, कुठेही न डगमगलेला. ओल्या हातांनी धावत आलेली आई पाहतच राहिली. मग हसून म्हणाली, “तर मग आधी दारावरची पाटी रंगवा. कधीची अक्षरं उडालीत.”

“आजच रंगवतो. जमेल ना रे?”

“जमेल, अण्णा,” हेरंब म्हणाला.

अण्णा ब्रश भिजत घालायला मोरीत गेले. हेरंबने हाताची थरथर गाळून रेष सरळ करणारी टॅबलेटमधली सोय बंद केली. पहिल्या दिवसापासून ती चालूच होती. मग त्याने श्रीकार काढला. तो वेडावाकडा आला.

अण्णांचा हात बरा झाला नव्हता, आणि त्याचा अजून बसलाच नव्हता.