सहा वर्षांखाली मोफत

“दोन मोठी. आणि ही पाचची,” बाप म्हणाला.

मत्स्यालयाच्या तिकीटखिडकीवर पाटी होती : सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. मुलीला नऊ पूर्ण झाली होती. पाटी तिने रांगेत उभ्या उभ्याच वाचली होती, आणि बाप आता काय बोलणार हेही तिला पाठ होतं. म्हणून ती खिडकीच्या कट्ट्याला बोटं लावून, टाचा उचलून उभी होती. मान ताणलेली, छाती फुगवलेली. आत बसलेल्या बाईने एकदा नीट पाहिलं की चोरी पकडली जाणार, अशी तिची खात्री होती.

बाईने चष्म्यावरून पाहिलं. नीट पाहिलं. आणि दोनच तिकिटं फाडली.

“गोड आहे हो छकुली,” ती म्हणाली.

मुलीच्या टाचा खाली आल्या. “आई,” ती हळूच म्हणाली, “त्यांना खरंच वाटलं.”

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्या खिशात पैसे नव्हते असं थोडंच होतं! दारात उतरल्या उतरल्या त्याने स्वतःसाठी नवा गॉगल घेतला होता आणि घासाघीससुद्धा केली नव्हती. पण फुकट मिळालं की त्याची कळी खुलायची. बसमध्ये तेच, बागेत तेच, जादूच्या प्रयोगाला तेच. पोरीची वाढ होत नाही म्हणून आईने दर महिन्याला डॉक्टरकडे चपला झिजवायच्या, आणि त्याच खुंटलेल्या वाढीवर बापाने मजा मारायची. आणि ती? चारचौघांत तमाशा नको म्हणून दर वेळी मूग गिळून बसलेली. तिला नवऱ्याचा संताप आला होताच, पण स्वतःचा जास्त आला.

तिने नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं.

“नऊ,” ती खिडकीत वाकून म्हणाली. “नऊ पूर्ण झालीत तिला. पाच नाही. तिसरं तिकीट द्या.” आणि तिने नोट आत सरकवली.

“अगं, काय चाललंय तुझं?” नवरा हसत म्हणाला. मग खिडकीकडे वळला. “गंमत करतेय ती. लक्ष नका देऊ.”

“गंमत तू करतोयस. रोज करतोयस. पोरीच्या जिवावर.”

तिकिटांच्या बाईने दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. मग तिलाही हसू फुटलं. “अहो ताई, वय चोरणाऱ्या दहा जणांना मी दिवसाला पकडते. पण वाढवून सांगणारं कुणी आजवर आलं नव्हतं. सोळा वर्षं बसतेय इथे. नजर बसलीय माझी. ही नऊची? कुणाला सांगताय!” तिने नोट बोटाने परत बाहेर ढकलली. “राहू द्या. आत खाऊ घ्या तिला.”

“मी खरं सांगतेय!”

“बरं बाई, खरं,” लहान मुलाची समजूत काढावी तशी बाई म्हणाली. मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. “नवरा-बायकोचं भांडण घरी करा हो,” दुसरा म्हणाला, “आमची पोरं ताटकळलीत.”

नवऱ्याने दोन्ही हात पसरले. म्हणजे, ऐकलंस ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई खरं बोलली होती, आणि ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. पोरीच्या डोक्यावरून तिघं वाद घालत होते. तिला मात्र कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मुलीने आईची पर्स बाजूला ढकलली. दोन्ही हातांनी खिडकीची जाळी पकडली. तिचे कान लालबुंद झाले होते.

“एकोणीस एके एकोणीस,” ती ओरडली.

बाईने दचकून वर पाहिलं.

“एकोणीस दुणे अडतीस! एकोणीस त्रिक सत्तावन्न!” तिचा आवाज चिरकत होता. डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण ती ते पुसत नव्हती. पाचची पोर शंभरापर्यंत आकडे म्हणते. हा पाढा तर वर्गातल्या निम्म्या पोरांनाही येत नव्हता. आता तरी या बाईला कळायला हवं होतं. “एकोणीस चोक शहात्तर!”

बोल गं बाई, बोल, आई मनात म्हणत होती, सांग त्यांना.

“एकोणीस पाचे पंच्याण्णव!”

बाई खुर्चीतून अर्धी उठली. चष्मा काढून तिने पोरीकडे डोळे भरून पाहिलं.

“अगं बाई गं!” ती रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली. “पाच वर्षांची, आणि एकोणिसाचा पाढा!”

रांगेत टाळ्यांचा कडकडाट झाला. एका म्हातारीने तर दुरूनच पोरीची दृष्ट काढली.

मुलगी पुढचा पाढा विसरली. तिने वळून बापाकडे पाहिलं.

तोही टाळ्या वाजवत होता.