पाळण्याची बोली

"बोली लावायला रुपया लागत न्हाई," मंदिराच्या पायरीवर बूट काढता काढता हितेशनं बायकोला ऐकवलं. "रुपया लागतो बोली आपल्यावर सुटली तर. अन् रूपचंदकाका बसलेत तवर आपल्यावर ती सुटतीय कशाला?"

"गप बसलात तर अजिबातच सुटणार न्हाई," डिंपल म्हणाली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

गप बसणं परवडत नव्हतं, हीच तर अडचण होती. मंचरच्या पेठेत हितेशचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. पार निमगाव साव्यापासून लोक रुखवताची भांडी घ्यायला यायचे. तेवढ्यानं हवा डोक्यात गेली आणि त्यानं कर्ज काढून वरच्या मजल्यावर एसी शोरूम टाकलं. शोरूममध्ये गारवा भरपूर झाला. गिऱ्हाईक मात्र खाली पंख्याखालीच घासाघीस करत राहिलं. कर्ज थकलं. शेवटी बँकेला दया आली. तिनं व्याज थांबवलं आणि मुद्दलाचे नऊ-नऊ हजारांचे एकशेवीस हप्ते पाडून दिले.

त्यातले एकोणीस झाले होते. मुंगीनं शिवनेरी चढायला घ्यावी, तसा बाकीचा आकडा हलायचा. कर्जाचं बघणाऱ्या पुण्याच्या सल्लागार बाई फोनवर म्हणायच्या, "सर, हळू जाताय, पण जाताय." हितेशला हे वाक्य तिरडीच्या पुढं चालणाऱ्या माणसानं म्हटल्यासारखं वाटायचं.

हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि होऊ द्यायचंही नव्हतं. भांडी उधारीवर यायची. मालक हप्त्यांवर जगतोय हे पेठेत फुटलं, की व्यापारी रोख मागणार. रोख नाही तर माल नाही, माल नाही तर विसावा हप्ताही नाही. आणि पर्युषणात पाळण्याच्या बोलीला ज्याचा हात वर जात नाही, त्याचं काय बिनसलंय याची चर्चा दुसऱ्या दिवशी पेठेत चहाबरोबर होतेच.

महावीर जन्माचा पाळणा घरी न्यायचा मान बोलीनं मिळायचा. पाच वर्षं तो रूपचंदशेठ कापडवाल्यांनी नेला होता. पाचही वर्षं हितेश दुसरा. दुसऱ्याला अब्रू पूर्ण मिळते आणि पावती फाटत नाही, हा त्याचा स्वतःचा शोध होता. त्याचा त्याला लई अभिमान होता.

"एकवीस हजार," रूपचंदशेठ म्हणाले.

"एकतीस!" हितेश.

"पस्तीस," शेठ जरा थांबून म्हणाले.

"एक्कावन्न!"

शेठनी घाम पुसला. "पंचावन्न."

हितेशला वाटलं, यंदा जरा रुबाबातच दुसरं यावं.

"एक लाख अकरा हजार!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. हितेशची आई, रुक्मिणीबाई, डोळे पुसायला लागली. रूपचंदशेठ समोरच्या भिंतीवरची देणगीदारांची नावं वाचायला लागले. त्यात चार ठिकाणी त्यांचंच नाव होतं, तरी ते पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाचत होते.

"एक लाख अकरा हजार, एक वार!" पुकारा झाला.

हितेश खाकरला. शेठ वाचतच राहिले.

"दोन वार!"

"काका, बोला की!" हितेश त्यांच्या कानाशी कुजबुजला. "तुमचा मान हाय."

"यंदा तुझा."

"तसं न्हाई चालत, काका! बोला राव पटकन!"

रूपचंदशेठ त्याच्याकडं झुकले. "पाच वर्षं तू मागून चढवतोस अन् मी उचलतो. त्यापायी मागच्या महिन्यात बँकेनं माझे हप्ते पाडले, बाबा. चौऱ्याऐंशी. कुणाला बोलू नको. तुझं बरंय, तुला देवानं दिलंय."

"तीन वार!"

ढोल वाजला. पलीकडं डिंपल बोटांवर हप्ते मोजत होती. दहा बोटं संपली, हप्ते संपले नाहीत. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. हितेश भिंतीवरची नावं वाचायला लागला.

पाळणा वाजतगाजत पेठेतनं निघाला. तो हितेशच्या डोक्यावर होता, त्यामुळं त्याला कपाळाला हात लावता आला नाही. मागं साडेतीनशे माणूस. घरी मावेना म्हणून सगळ्यांना शोरूममध्ये बसवलं. उद्घाटनानंतर तिथं पहिल्यांदाच बसायला जागा उरली नाही. रिवाजाप्रमाणं प्रत्येकाच्या हातात एकेक स्टीलची वाटी दिली. साडेतीनशे वाट्या गेल्या, त्याही उधारीच्या. रूपचंदशेठ दोन घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पेठेत हितेशची अब्रू एकदम वधारली. पातेल्यांच्या व्यापाऱ्यानं स्वतः फोन करून सांगितलं, "शेठ, पैशाची काय घाई न्हाई." हितेश डिंपलसमोर छाती काढून चाललाही थोडा वेळ. "बघ," तो म्हणाला, "बारा हप्ते गेले, पण पेठ तर हातात ऱ्हायली का न्हाई?"

डिंपल सासूच्या मोबाईलकडं बघत होती.

रुक्मिणीबाईंनी पाळणा डोक्यावर घेतलेल्या लेकाचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता. खाली लिहिलं होतं, "एक लाख अकरा हजार. देवाची कृपा." तगाद्याच्या दिवसांत बँकेचे साहेब घरच्या सगळ्या नंबरांवर फोन करायचे, तेव्हा आईनं घाबरून त्यांचा नंबर 'उचलू नको' या नावानं सेव्ह केला होता. स्टेटस सगळ्यात आधी 'उचलू नको'नं पाहिलं होतं.

सोमवारी पत्र आलं. ग्राहकाची आर्थिक परिस्थिती सुधारल्याचे आढळल्याने व्याजाची सवलत मागील तारखेपासून रद्द करण्यात येत आहे. खाली साहेबांनी पेनानं लिहिलं होतं, अभिनंदन.