जुनं तसंच राहू दे

चाकणच्या कंपनीत उत्पादन लाइनच्या कॉम्प्युटरवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नवं व्हर्जन टाकायचं होतं. शेजारी बसलेल्या गणराजनं विचारलं, "निशिगंधा मॅडम, जुनं उडवून टाकू का?"

"नको. लेबल छापण्यापासून तपासणीपर्यंत सगळं त्याच्याच भरवशावर चाललंय. ते काढलं तर लाइन बंद पडेल. जुनं आहे तिथं राहू दे. नवं शेजारी बसव, आणि इथून पुढं कमांडमध्ये नुसतं पायथन म्हटलं की नवं उठेल, एवढंच कर."

गणराजनं तसं केलं. लेबलं छापून येत राहिली. "शिफ्टवर कुणाला कळलंसुद्धा नाही, मॅडम."

"कळू नयेच," ती म्हणाली आणि कंपनीच्या बसकडे निघाली.

रावेतच्या घरी सासूबाई वाटच बघत होत्या. लग्नाच्या गडबडीत राहून गेलेलं काम त्यांनी आज उरकलं. निशिगंधाच्या नव्या मंगळसूत्रात त्यांनी चांदीचा एक छोटा टाक, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं घडवलेला पत्रा, ओवला.

"माज्या लेकाच्या पहिल्या बायकूच्या नावाचा हाय. आंघोळीलाबी काढायचा न्हाई. काढला तर घराला बाधतं."

"नाही काढणार."

आतल्या खोलीत पहिलीची छोटी पिंकी झोपेतून उठली आणि तिनं "आई" म्हणून हाक मारली. सासूबाईंनी भिंतीवरच्या, पहिलीच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

निशिगंधानं ओ दिली आणि ती उठली.