खुर्चीच्या उंचीवरून

"पलीकडच्या कारखान्याची चिमणी उलटी झालीय," चाकांच्या खुर्चीतून तोकुजिरो म्हणाले.

उओझू बंदराच्या धक्क्यावर कॅमेरे लावून दहाबारा जण उभे होते. सगळ्यांनी समोर पाहिलं. खाडी सपाट. पलीकडचा किनारा नेहमीसारखा, एक बारीक रेघ.

"कुठे हो आजोबा?" टोपीवाला हसला. "सकाळपासून पाय मोडले आमचे. आज नाही दिसायचं मृगजळ."

"आहे. अगदी ठळक अ वर्गाचं नसेल, पण क वर्गाचं तरी आहेच."

मिसुझु ओशाळली. बाबांची शाल सारखी करत राहिली. काल त्यांनी तांदळाच्या डब्यात चपला ठेवल्या होत्या. परवा तिच्याकडे बोट दाखवून शेजारणीला विचारत होते, ही कोण बाई माझ्या घरात शिरलीय? वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. दुपारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्याला देऊ, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या.

"बाबा, पुरे आता. चला घरी."

"घरी, की तिकडे?"

तिने पिशवीतून फोन काढला.

"डोंगरावरचं बर्फ वितळून खाडीत येतं," ते सांगू लागले, ती लहान असताना सांगायचे तसंच. "पाणी गार, पाण्यालगतची हवा गार. तिच्यावर उबदार हवा पसरली की प्रकाश वाकतो. खालचं वर दिसतं. वाकतो किती? एवढासाच." त्यांनी चिमटीत दाखवलं.

"हो बाबा." तिने फोन लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. खुर्चीचा ब्रेक सोडायला ती खाली बसली. तिचं डोकं त्यांच्या डोक्याशेजारी आलं. सहज समोर नजर गेली.

किनारा भिंतीसारखा उभा होता. चिमणीच्या डोक्यावर दुसरी चिमणी, पाय वर करून.

ती ताडकन उठली. बारीक रेघ.

पुन्हा बसली. भिंत.

"हॅलो, मिसुझुसान ना?" फोनमधून आवाज आला. "काय ठरलं मग?"

तोकुजिरोंनी तिचा हात धरला. "दिसलं ना? तुला कधीच खरं वाटत नाही माझं, कियो."

कियो तिची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

मागे टोपीवाला कॅमेऱ्याचा स्टँड मिटत होता. मिसुझु ओल्या धक्क्यावर तशीच बसून राहिली. उठली असती, तर दिसेनासं झालं असतं.