आईची सवय

हिवाळ्याच्या सुट्टीत सगळे घरी, पण गीझर बापडा एवढासा. तिघांच्या आंघोळी झाल्या की टाकी रिकामी, आणि चौथा नंबर कायम आईचा. "मला गारच पाणी सोसतं," असं ती म्हणायची आणि सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

काल मात्र टकळीने, म्हणजे घरातल्या बडबड्या शेंडेफळाने, आईच्या बादलीत सहज हात घातला आणि किंचाळतच बाहेर काढला. आई बाजारात जाताच तिने बाबा आणि दादाची सभा भरवली.

आज सकाळी बाबा बाथरूममधून बेसूर गात बाहेर आले. दादा उड्या मारत आला. टकळी तर चक्क एक शब्दही न बोलता आली.

शेवटी आई आत गेली. "अगं बाई, वाफ येतेय! तुम्ही कुणी आंघोळच केली नाहीत की काय?"

"के-के-केली की!" तिघांचे दात कडाकडा वाजत होते.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. नाक लाल, डोळेही लाल.

"लबाडांनो," ती म्हणाली, "इतक्या वर्षांची माझी सवय मोडलीत. आता उद्या गार पाणी कसं रे घेऊ मी अंगावर?"