महिनाभराच्या रेघा

हाताला कंप सुटल्याचं चित्रकार ताईने एकट्या धाकट्या बहिणीलाच सांगितलं. धाकटी तिच्याच हाताखाली तयार झालेली. तिने टॅबलेटवर रेघ सावरणारी सेटिंग लावून दिली आणि लाडाने दटावलं, "महिनाभर नुसत्या रेघा ओढायच्या, मनगटातून नाही, खांद्यातून. तोवर पुस्तकाच्या चित्रांना हात लावायचा नाही!"

ताईने निमूट ऐकलं. महिन्याने रेघ पुन्हा एका दमात, न अडखळता उतरली. डोळे पुसतच तिने प्रकाशकांना फोन लावला, "उद्यापासून चित्रं पाठवते हं!"

प्रकाशक चाचरले.



"अहो ताई, तुमचा हात कायमचा गेला असं सांगून महिनाभर तुमची बहीणच चित्रं पाठवत होती, पुस्तक कालच छापायला गेलं."