खिंडीतली रेंज

व्हिडिओ कॉल लागला आणि खिंडीत जमलेल्या झाडून सगळ्यांनी आपापले फोन बंद केले. धनगरवाड्याची तशी रीतच होती. रेंज फक्त या खिंडीत मिळायची, तीही जेमतेम; म्हणून एकाचं महत्त्वाचं बोलणं असलं, की बाकीचे फोन बंद. आज इंटरव्ह्यू होता रेवतीचा, टेलिकॉम मॅनेजमेंट शिकलेल्या वाड्यावरच्या पहिल्या पोरीचा.

"तुमच्याच भागाचं उदाहरण घेऊ," स्क्रीनवरचे साहेब म्हणाले. "आमच्या प्लॅनिंग मॅनेजर झालात, तर तिथे टॉवर द्याल?"

"पहिला तिथंच देईन."

साहेब हसले. "भावनेवर धंदा होत नाही, मॅडम. आमचे आकडे सांगतात, त्या खिंडीत एका वेळी एकच फोन चालू असतो. आत्ताही एकच आहे. एका फोनसाठी टॉवर? हेच शिकलात का?"

रेवतीची कानशिलं तापली. वाड्याचा समजूतदारपणाच वाड्याच्या मुळावर आला होता. ती मागे वळून ओरडली, "सगळ्यांनी फोन चालू करा! लावा कुणालाही!"

"अगं, तुझा कॉल तुटंल की!" आत्या कळवळली.

"तुटू दे. लावा!"

बघता बघता सगळी खिंड एकदम बोलायला लागली. साहेबांचा चेहरा स्क्रीनवर थिजला आणि मग दिसेनासा झाला.

"गेली गं नोकरी," आत्यानं कपाळावर हात मारला.

"जाऊ दे," रेवती म्हणाली. "आता मोज म्हणावं त्याला."